रत्नागिरी शहर पाहताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीपुळ्याचं बुकिंग झालं की रत्नागिरीत कोणी ओळखीचं आहे का याची शोधाशोध सुरू होते, आणि मग प्रश्न यायला लागतात. त्यातले सारखे-सारखे येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. भर शहरावर आहे. आसपासच्या गावांबद्दल जेवढ्यास तेवढंच. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात आली असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. रत्नागिरीत थांबण्यासारखं खरंच काही आहे का? आम्ही दर वेळी महामार्गावरच्या निवळी फाट्यावरूनच गणपतीपुळ्याला वळतो.

आहे, आणि ते समुद्रापेक्षा वेगळं आहे. समुद्र कोकणात कुठेही मिळेल. पण ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाचा राजवाडा, टिळकांचं जन्मघर, सावरकरांच्या स्थानबद्धतेतलं पतितपावन मंदिर आणि तीन बाजूंनी पाण्यात शिरलेला किल्ला हे सगळं रिक्षाने अर्ध्या तासात गाठता येईल इतक्या अंतरात दुसरीकडे सापडणार नाही.

यातल्या बऱ्याच गोष्टींच्या मुळाशी एकच कारण आहे. इंग्रजांच्या दृष्टीने रत्नागिरी म्हणजे माणूस नेऊन ठेवायला सोयीची जागा. मागे सह्याद्री, पुढे समुद्र, पावसाळ्यात बोटी बंद आणि रेल्वेचा पत्ता नाही. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावायला १९९८ साल उजाडलं. गाव असं आडबाजूला होतं म्हणूनच इथे राजे आणि राजबंदी आले. हे लक्षात ठेवून फिरलात तर सुटी-सुटी वाटणारी ठिकाणं आपोआप जुळतात.

२. किती वेळ काढावा?

दीड दिवस. पहिल्या दिवशी सकाळी थिबा राजवाडा, मग टिळकांचं घर आणि पतितपावन मंदिर, जेवून थोडी विश्रांती, चारनंतर किल्ला आणि सूर्यास्त. दुसऱ्या दिवशी सकाळी मिरकरवाडा बंदर किंवा भाट्याचा किनारा. एकाच दिवसात उरकायचं असेल तर काय गाळावं, असंही विचारतात. मत्स्यालय गाळा, पण मुलं बरोबर असतील तर गाळू नका (प्रश्न ११).

३. स्टेशन शहरात आहे का? गाडी नसेल तर फिरता येतं का?

स्टेशन कुवारबावच्या बाजूला आहे, शहरापासून सहा-सात किलोमीटरवर. बाहेर रिक्षा असतात. भाडं बसण्याआधी ठरवून घ्या. शहर बसही आहे, पण रात्रीच्या गाडीने उतरणाऱ्याने तिच्या भरवशावर राहू नये. मुंबईहून येताना करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा संपला की सामान काढायला घ्यावं, पुढे रत्नागिरी लांब नाही. गोव्याकडे पुढे जाणार असाल तर झोपू नका: रत्नागिरी सुटल्यावर थोड्याच वेळात पानवलचा पूल येतो. ६४ मीटर उंचीवरून खालची झाडं दिसतात आणि डब्यात सगळे एकदम गप्प होतात.

शहरात फिरायला अर्ध्या दिवसाची रिक्षा ठरवणं सगळ्यात सोपं. गाव चढउतारांचं आहे. नकाशावर शेजारी दिसणारी दोन ठिकाणं पायी गाठताना घाम काढतात.

४. हा थिबा राजा कोण? ब्रह्मदेशाचा राजा रत्नागिरीत कसा आला?

१८८५ मध्ये तिसऱ्या इंग्रज-ब्रह्मी युद्धात राजधानी मंडाले पडली आणि इंग्रजांनी राजा थिबाला राणी सुपयालत, धाकटी राणी आणि मुलींसह देशाबाहेर काढलं. आधी मद्रास, मग १८८६ च्या एप्रिलमध्ये बोटीने रत्नागिरी. त्या वेळी तो तिशीचाही नव्हता. पुढची तीस वर्षं, म्हणजे डिसेंबर १९१६ मध्ये मरेपर्यंत, तो इथेच होता. आपल्या देशाचं तोंड त्याने पुन्हा पाहिलं नाही.

लोक राजवाडा बघून म्हणतात, "कैदेत होता तरी थाट होता की!" पण राजवाडा बांधून पूर्ण झाला १९१० मध्ये. त्याआधीची जवळपास चोवीस वर्षं हे कुटुंब सरकारने दिलेल्या बंगल्यांत राहिलं, आणि राजवाड्यात राजाला जेमतेम सहा वर्षं मिळाली.

याला उलटी बाजूही आहे. १८५६ मध्ये रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना राजद्रोहाच्या शिक्षेसाठी इंग्रजांनी नेलं ते मंडालेला, १९०८ ते १९१४. मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचा माणूस मंडालेत, दोघेही एकाच सरकारचे बंदिवान. राजवाडा आणि टिळकांचं घर एकाच दिवशी बघा असं आम्ही सांगतो ते यासाठी. दिल्लीचा बहादूरशहा जफर रंगूनला नेला गेला आणि १८६२ मध्ये तिथेच वारला, तोही हाच खाक्या.

५. राजवाड्यात आत काय आहे? "रिकामाच आहे" असं ऐकलं.

राजाचं सिंहासन, दागिने, रत्नं बघायला जाणार असाल तर हो, निराशा होईल. त्यातलं काही इथे नाही. इमारत हीच बघायची वस्तू आहे. जांभ्या दगडाच्या या गावात उतरत्या छपरांची, तीन मजल्यांची, लालसर रंगाची ही वास्तू उभी राहिली तेव्हा कशी दिसली असेल याची कल्पना करा. अर्धगोलाकार लाकडी खिडक्यांजवळ थांबा: कोरीवकाम बारीक आहे, आणि ऊन कलतं असेल तर रंगीत काचांचे लाल-निळे ठिपके फरशीवर पडतात. पहिल्या मजल्यावर संगमरवरी फरशीचं दालन आहे, तिथे नाचगाणं होत असे. मागच्या बाजूला राजाने आणलेली बुद्धमूर्ती आहे; बरेच जण पुढूनच परततात आणि ती राहून जाते. वरून भाट्याची खाडी दिसते. राजा इथे उभा राहून येणारी-जाणारी जहाजं न्याहाळायचा असं गावात सांगतात.

वास्तू पुरातत्त्व खात्याकडे असून आत संग्रहालय आहे. सोमवारी बंद असतं, त्याबद्दल प्रश्न १७ पाहा. जानेवारीत राजवाड्याच्या आवारात शास्त्रीय संगीताचा महोत्सव होत आला आहे. तारखा जुळल्या तर सोडू नका. उघड्यावर बैठक, मागे उजळलेला राजवाडा. थंडी म्हणण्यासारखी नसते, पण रत्नागिरीकर शाल घेऊन येतात.

राजवाड्याजवळचा थिबा पॉइंट ही वेगळी जागा आहे. तिथे बाग आहे, काजळी नदी खाडीला मिळते तो सगळा पट्टा दिसतो आणि संध्याकाळी गर्दी होते.

६. राजाची समाधी राजवाड्यातच आहे ना?

नाही. ही चूक रिक्षावाल्यांच्या चांगलीच ओळखीची आहे. समाधी शिवाजीनगर भागात, वस्तीच्या मधोमध आहे. "थिबा राजाची समाधी" असं स्पष्ट सांगा. तिथे राजा आणि १९१२ मध्ये वारलेली धाकटी राणी अशा दोघांच्या समाध्या आहेत. राजाचं शव मायदेशी नेऊ द्यावं असा राणी सुपयालतचा आग्रह होता. इंग्रजांनी तो मानला नाही आणि १९१९ मध्ये शव इथे ठेवलं गेलं. त्याच वर्षी राणी परत गेली.

बघण्यासारखं बांधकाम म्हणून फार काही नाही. पाच मिनिटांत बघून होतं. पण २०१२ च्या डिसेंबरमध्ये म्यानमारचे त्या वेळचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन मुद्दाम इथे येऊन गेले, यावरून तिकडच्या लोकांना या जागेचं काय वाटतं ते कळावं.

७. राजाचे वंशज अजून रत्नागिरीत आहेत म्हणे. भेटता येईल का?

थोरल्या राजकन्येचं राजवाड्यावरचे दरवान गोपाळ सावंत यांच्याशी नातं जुळलं. त्यांची मुलगी टूटू रत्नागिरीतच वाढली, इथेच संसार केला, मराठीच बोलली. थोरली राजकन्या आईबरोबर ब्रह्मदेशात गेली, पण परत आली आणि १९४७ मध्ये इथेच वारली.

पुढच्या पिढ्या आपापल्या कामधंद्यात आहेत. पत्ता विचारत कुणाच्या दारात जाऊन उभं राहू नये. पणजोबा राजा होते म्हणून कुणी प्रेक्षणीय स्थळ होत नाही.

८. रत्नदुर्ग आणि भगवती किल्ला वेगळे आहेत का?

एकच. आत भगवतीचं देऊळ आहे म्हणून गावात नुसतं "किल्ल्यावर" किंवा "भगवतीला" म्हणतात. आकार घोड्याच्या नालेसारखा, तीन बाजूंना समुद्र. मूळ बांधकाम बहामनी काळातलं धरतात. १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी तो आदिलशाहीकडून घेतला, नंतर आंग्रे, मग पेशवे आणि १८१८ मध्ये इंग्रज.

किल्ला म्हणजे एक टेकडी असं समजून लोक भगवतीचं दर्शन घेतात आणि खाली उतरतात. प्रत्यक्षात तो तीन भागांत पसरला आहे: देऊळ असलेला बालेकिल्ला, दीपगृहाचा डोंगर आणि खालचा पेठकिल्ला, जिथे आज वस्ती आहे. तटावरून चालायला निदान तासभर ठेवा. एका कड्यावरून खाली मिरकरवाड्याच्या होड्या, दुसरीकडून उघडा समुद्र. काही ठिकाणी कठडा नाही आणि भरतीच्या वेळी खालून येणारा आवाज मुलांना कडेला ओढतो, तेव्हा हात धरून ठेवा. दुपारी बारा ते तीन जाऊ नये, सावली नाही. पायथ्याजवळचं भागेश्वर मंदिर भागोजीशेठ कीरांनी बांधलं (त्यांच्याबद्दल प्रश्न १०).

९. काळा समुद्र आणि पांढरा समुद्र ही काय भानगड आहे?

पाण्याचा रंग एकच, वाळूचा वेगळा. किल्ल्याच्या दक्षिणेला मांडवीची वाळू काळी आहे, कारण तीत इल्मेनाइटसारखी जड खनिजं आहेत. उत्तरेला, मिऱ्याच्या बाजूला वाळू फिकी, तो पांढरा समुद्र. मधे फक्त किल्ल्याचं नाक. दोन्हीकडची मूठभर वाळू शेजारी-शेजारी ठेवून मुलांना दाखवा, शाळेतल्या धड्यापेक्षा जास्त लक्षात राहतं.

मांडवीची जेटी ही बोटीच्या जमान्यातली रत्नागिरीची वेस. मुंबईहून येणारा माणूस इथे उतरायचा. आता संध्याकाळी भेळ खायला आणि वारा खायला गाव इथे जमतं. मुंबई-गोवा मांडवी एक्सप्रेसचा मात्र या मांडवीशी संबंध नाही, ते नाव गोव्यातल्या नदीचं.

१०. टिळकांचं घर आणि पतितपावन मंदिर: नुसतं बाहेरून बघून निघालं तर चालेल का?

टिळकांचं घर आतून बघा. टिळक आळीत आहे. कौलारू, ठेंगण्या दारांचं, त्या काळच्या मध्यमवर्गीय कोकणी घरासारखं. पडवीतून आत गेलात की डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला क्षणभर लागतो आणि शेणाने सारवलेल्या घरांत वाढलेली माणसं लगेच खाली बघतात. २३ जुलै १८५६ ला टिळकांचा जन्म इथला; १८६६ मध्ये वडिलांची बदली झाली आणि कुटुंब पुण्याला गेलं. मूळ गाव दापोली तालुक्यातलं चिखलगाव. दोन्हींची गल्लत करू नका.

पतितपावन मंदिर स्थापत्यासाठी बघायचं नाही. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध होते. जिल्हा सोडायचा नाही आणि राजकारण करायचं नाही, या अटी. त्या काळात त्यांनी अस्पृश्यतेविरुद्ध काम उभं केलं. जुन्या देवळांत सर्वांना प्रवेश मिळवताना विरोध होत होता, म्हणून सर्व जातींच्या हिंदूंसाठी नवं देऊळच बांधायचं ठरलं. पैसा उभा केला भागोजीशेठ कीर यांनी, भंडारी समाजातले, गरिबीतून मुंबईत मोठे कंत्राटदार झालेले रत्नागिरीचे सुपुत्र. दादरच्या चौपाटीवरची स्मशानभूमीही त्यांचीच देणगी. मंदिर २२ फेब्रुवारी १९३१ ला खुलं झालं. आत लक्ष्मीनारायणाची मूर्ती आहे. सावरकरांच्या राजकारणाबद्दल तुमचं मत काहीही असो, १९३१ मध्ये या गावात हे घडवणं सोपं नव्हतं.

सावरकरांची कोठडी वेगळी, ती विशेष कारागृहात आहे. स्थानबद्धतेच्या आधी, अंदमानहून आणल्यावर त्यांना काही काळ तिथे ठेवलं होतं. तुरुंग आजही चालू आहे, त्यामुळे आत सोडायचं की नाही हे तिथलं प्रशासन ठरवतं. ओळखपत्र जवळ ठेवा आणि नाही म्हटलं तर वाद घालू नका.

११. मुलांसाठी काय?

झाडगावचं मत्स्यालय आणि संग्रहालय. कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्राचं आहे. टाक्या साध्या आहेत. मॉलमधली काचेची बोगदेवाली मत्स्यालयं पाहिलेल्या मुलांना पहिल्यांदा काही वाटत नाही. पण देवमाशाचा सांगाडा समोर आला की सगळी थांबतात.

१२. पोहता येईल असा सुरक्षित किनारा कोणता?

भाट्ये लांब आणि सपाट आहे, सुरूची बनं आहेत. गुडघाभर पाण्यात खेळायला बरा. पण खाडीच्या मुखाकडे जाऊ नका, तिथे ओढ असते. आरे-वारे दिसायला सगळ्यात देखणा आणि पाण्यात उतरायला सगळ्यात वाईट. गणपतीपुळेही तसंच: दोन पावलांत खोली वाढते आणि ओहोटीला पाणी माणसाला आत खेचतं. तिथे दरवर्षी माणसं बुडतात, आणि त्यात पोहता येणारे असतात. स्थानिक माणूस नको म्हणाला की नको. पावसाळ्यात कुठेच नाही.

१३. पावसाळ्यात यावं का?

हिरवाई बघायची असेल तर जरूर. पण इथे पाऊस पडतो म्हणजे कोसळतो. वर्षाची सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर आहे. किल्ल्याच्या पायऱ्या शेवाळतात. राजवाडा, टिळकांचं घर, पतितपावन ही छताखालची ठिकाणं निवांत बघून होतात, एरवीपेक्षा गर्दीही कमी. ताज्या मासळीच्या आशेने येणार असाल तर पुढचा प्रश्न वाचा.

१४. हापूस आणि मासे, दोन्ही एकाच फेरीत जमेल का?

एप्रिल-मेमध्ये जमेल. मार्चअखेरची पहिली फळं महाग. खरा हंगाम मेच्या पहिल्या पंधरवड्यात. पेटी घेताना वरची रांग बघून फसू नका, खालची दोन फळं काढायला लावा. देठाजवळ वास घ्या. हिरवट पण वास येणारा आंबा घरी आढीत नीट पिकतो. पिवळाजर्द आणि वासच नाही, तो ठेवून द्या. आत साका (गरातला पांढरट, न पिकलेला भाग) निघाला तर तो बाहेरून कोणालाच कळत नाही, विकणाऱ्याशी भांडून उपयोग नाही.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या काळात "ताजं पापलेट" अशी पाटी दिसली तर ते बर्फातलं. खाडीचे मासे, तिसऱ्या, कुर्ल्या मागा, नाहीतर सरळ सुक्या बांगड्यावर या. इतर महिन्यांत सकाळी मिरकरवाड्याला लिलाव बघा. चपला जुन्या घाला आणि वाटेत उभं राहू नका, डोक्यावर टोपली असलेली बाई तुमच्यासाठी थांबणार नाही.

१५. कातळशिल्पं शहरात आहेत का?

शहराबाहेर, सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवर. उक्षी, जांभरुण ही रत्नागिरी तालुक्यातली. कशेळीचा प्रचंड हत्ती राजापूर तालुक्यात. कोकणातली कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली आहेत. भर दुपारी गेलात तर समोर असूनही दिसत नाहीत. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर जा, तिरप्या उजेडात खोदलेल्या रेषेत सावली बसते आणि चित्र उठून येतं. पावसाळ्यात आणि लगेच नंतर गवत असतं, म्हणून डिसेंबरपासून पुढे बरं. फोटोसाठी खडूने रेषा गिरवू नका आणि चित्रावर पाय देऊ नका.

१६. गणपतीपुळं, मालगुंड, पावस हे सगळं एका दिवसात होईल?

गणपतीपुळं आणि मालगुंड होतं, कारण एकाच दिशेला आहेत. आरे-वारेमार्गे किनाऱ्याच्या रस्त्याने गणपतीपुळं साधारण पंचवीस किलोमीटर; मालगुंडला केशवसुतांचं जन्मस्थान आणि स्मारक त्याच्या अगदी पुढे. पावसला स्वामी स्वरूपानंदांची समाधी आहे, पण ते शहराच्या दक्षिणेला, भाट्याचा पूल ओलांडून. तिन्ही एका दिवसात केलीत तर गाडीतच जास्त बसाल. पावस सकाळी वेगळं करा आणि परतताना भाट्यावर थांबा.

शिमग्यात येणार असाल तर मात्र हे वेळापत्रक विसरा. बारा वाड्यांचं ग्रामदैवत श्री देव भैरीची पालखी बाहेर पडली की रस्ते पालखीचे असतात. गाडी बाजूला लावा आणि ढोलाच्या आवाजामागे चालत जा.

१७. आमचा मुक्काम नेमका रविवारी रात्री ते मंगळवारी पहाटे आहे. सोमवारी संग्रहालय बंद, मग?

हा प्रश्न लाँग वीकेंडनंतर हमखास येतो. राजवाडा बाहेरून आणि थिबा पॉइंटवरून बघा. समाधी उघड्यावर आहे. पतितपावन, भगवतीचं देऊळ, किल्ला, मांडवी यांना सोमवारची अडचण नाही. टिळकांचं घरही पुरातत्त्व खात्याकडे आहे, म्हणून निघण्याआधी मुक्कामाच्या ठिकाणी चौकशी करा. आणि रविवारी रात्रीऐवजी दुपारी तीनपर्यंत पोहोचता येत असेल तर स्टेशनवरून सामानासकट थेट राजवाड्यावरच जा. हॉटेल कुठे पळून जात नाही.